हनोईत रस्त्यावर खायचं कसं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

हनोईतल्या पहिल्या दिवशी मी अडीच वाजता जेवायला बाहेर पडलो. हॉटेलच्या गल्लीत अकराच्या सुमारास कोळशाच्या शेगडीवर मांस भाजताना पाहून ठेवलं होतं, म्हणून थेट तिथे गेलो. शेगडी विझलेली होती आणि एक बाई टबात वाडगे धूत बसल्या होत्या. मी एक बोट वर केलं. त्यांनी ओला हात उचलून पंजा मनगटातून दोनदा फिरवला, आपण लांबून 'काय?' विचारताना फिरवतो अगदी तसा. मला वाटलं, काय हवंय ते विचारतायत. मी म्हटलं, "बुन चा", म्हणजे भाजलेलं पोर्क आणि तांदळाच्या शेवया. पुन्हा पंजा फिरला. मी पुन्हा "बुन चा." तिसऱ्यांदा हे झाल्यावर शेजारच्या टपरीवरचा मुलगा हसत म्हणाला, "नो मोर." व्हिएतनाममध्ये त्या खुणेचा अर्थ 'नाही' किंवा 'संपलं'.

ही खूण आधी शिकून जा, कारण ती तुम्हाला बऱ्याचदा दिसेल. हनोईत रस्त्यावरचं दुकान सहसा एकाच पदार्थाचं असतं, आणि तो पदार्थ एका ठरावीक वेळेचा. सकाळचं सकाळी, दुपारचं दुपारी. पातेलं रिकामं झालं की दुकान मिटतं आणि त्याच पायरीवर संध्याकाळी दुसरंच कोणी दुसरंच काही घेऊन बसतं. 'हनोईत खाल्लेच पाहिजेत असे वीस पदार्थ' छापाची यादी खिशात असूनही लोक उपाशी फिरतात ते यामुळे. म्हणून पुढचं सगळं मी घड्याळाच्या अंगाने सांगणार आहे.

पहिलं काम: मुक्काम जुन्या गावात

होआन किएम तळ्याच्या उत्तरेला जुनं हनोई आहे. त्याला छत्तीस गल्ल्यांचं गाव म्हणतात. छत्तीस हा म्हणायचा आकडा, प्रत्यक्षात गल्ल्या जास्त भरतात. बहुतेकींची नावं 'हांग'ने सुरू होतात. हांग म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग मुओई मिठाची, हांग दुओंग साखरेची. पुण्याच्या तांबट आळीत किंवा बोहरी आळीत फिरलेल्या माणसाला हे शहर समजायला वेळ लागत नाही. घरं दर्शनी बाजूने अरुंद आणि आत बोगद्यासारखी लांब, त्यामुळे स्वयंपाक दारात आणि गिऱ्हाईक फुटपाथवर, बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर. गुडघे दुखत असतील तर भिंतीकडेचं स्टूल पकडा, उठताना आधार मिळतो. कधीकधी पोलिसांची गाडी येते आणि दहा सेकंदांत सगळी स्टुलं आत जातात. वाडगा हातात धरून उभे राहा, गाडी गेली की पुन्हा बसा. दादरच्या फेरीवाल्यांना ओळखणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

राहणं इथेच घ्या, म्हणजे खायला पायी जाता येतं. रस्ता ओलांडताना एकच ध्यानात ठेवा: वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून आधी डावीकडे पाहायचं. मग एका चालीने, न थांबता, न पळता चालत राहायचं. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात. मधेच दचकून थांबलात, तरच घोटाळा होतो.

दुसरं काम: दहा शब्द

व्हिएतनामी लिपी रोमन अक्षरांचीच आहे, वर-खाली चिन्हं लावलेली. पण उत्तरेकडच्या बोलीत सहा सूर आहेत, आणि एकच अक्षर सुरानुसार अर्थ बदलतं. ते पहिल्या आठवड्यात जमणार नाही. म्हणून पुढचे शब्द भाषांतराच्या ॲपमधून मूळ लिपीत घेऊन फोनमध्ये साठवा आणि बोलताना दाखवा.

सगळ्यात आधी 'बॉ' आणि 'गा'. मराठी माणसाची इथे हमखास फसगत होते. गा म्हणजे गाय नव्हे, कोंबडी. गाय-बैलाचं मांस म्हणजे बॉ. 'फ' हा शेवया घातलेला मांसाचा रस्सा; पाटीवर 'फ बॉ' असेल तर बीफ, 'फ गा' असेल तर चिकन. पोर्कला हनोईत 'लन' म्हणतात आणि दक्षिणेत, सायगॉनकडे (हो ची मिन्ह सिटी), 'हेओ'. मासा 'का', अंडं 'चुंग', टोफू 'दाउ फू'. 'खोंग' म्हणजे नको किंवा नाही. ते कशाच्याही आधी लावता येतं: खोंग बॉ, खोंग लन. तिखट नको असेल तर 'खोंग काय'. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर 'लाक' हा शब्द पाठच करा, कारण दाण्याचं कूट कुठल्याही थाळीवर न सांगता येऊन पडतं.

हाक मारण्याचं मात्र आपल्याला आयतं जमतं. इथे कोणी 'वेटर' म्हणत नाही. आपण अनोळखी माणसालाही काका, मावशी, दादा, ताई म्हणतो, तशीच तिथे नाती लावतात. तुमच्यापेक्षा थोडी मोठी बाई असेल तर 'ची ओई', म्हणजे ओ ताई. आणखी वयस्क असेल तर 'को ओई'. को हे खरं म्हणजे आत्याचं नातं. आजी असेल तर 'बा ओई'. पुरुषाला 'आन्ह ओई', दादा. लहान वयाच्या पोरापोरींना 'एम ओई'. 'एक्स्क्यूज मी' म्हणत दहा मिनिटं ताटकळण्यापेक्षा एक 'ची ओई' मोठ्याने म्हणा, मान लगेच वळते.

आणि चहा. हनोईच्या उच्चारात चहाला जवळजवळ 'चा'च म्हणतात, आणि बर्फाला 'दा'. चा दा म्हणजे बर्फाचा फिका कोरा चहा. तो तीन ते पाच हजार डोंगला (डोंग हे तिथलं चलन) ग्लासभर मिळतो. आकडा ऐकून घाबरू नका, ते पंधरा रुपयांच्या आसपास होतात.

पैशांचं थोडक्यात

तीन शून्यं खोडा, उरलेल्या आकड्याला तीनने गुणा आणि थोडं वाढवा, की रुपये होतात. पन्नास हजार डोंग म्हणजे साधारण एकशेसाठ-सत्तर रुपये. लोक बोलताना आणि पाटीवर लिहिताना स्वतःच ती शून्यं गाळतात, नुसतं '५०' म्हणतात. वाडगाभर फ किंवा बुन चा पन्नास ते सत्तर हजारांत, पावाचं सँडविच पंचवीस ते चाळीस हजारांत बसतं. जास्त गाजलेल्या ठिकाणी यापेक्षा वर जातं.

एक धोका खरा आहे. वीस हजाराची नोट निळी आहे आणि पाच लाखाचीही निळीच. पंचवीस पट फरक. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारख्या दिसतात. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि फुटपाथवर त्या बाहेर काढूच नका. रोख जवळ हवीच. आपलं यूपीआय चालेल या भरवशावर कुठल्याही स्टुलावर बसू नका.

खाण्यात घासाघीस करायची पद्धत नाही, पण बसण्याआधी किंमत विचारायला कोणाची ना नसते. बोट दाखवून 'बाओ न्यिऊ?' म्हणजे किती. खांद्यावर कावड घेऊन फळं विकणाऱ्या बायका तळ्याभोवती फिरतात. त्यातली एखादी ती कावड फोटोसाठी हौसेने तुमच्या खांद्यावर ठेवते आणि नंतर अननसाच्या चार फोडींचे भलतेच पैसे मागते. मी दिले. तुम्ही कावड खांद्यावर घेऊ नका.

सकाळी साडेसहा ते नऊ

हनोईचं खरं खाणं सकाळी. लवकर उठलात तर अर्धी लढाई जिंकलात.

फ पासून सुरुवात करा. उच्चार 'फो' नाही; 'फ' म्हणून शेवटी आवाज प्रश्न विचारल्यासारखा वर न्या, बरंच जवळ जाल. हा पदार्थ काही प्राचीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई आणि जवळच्या नाम दिन्ह भागात तो रुळला. २०२४ साली व्हिएतनाम सरकारने दोन्ही ठिकाणच्या फ ला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. हाडं तासन्‌तास उकळून केलेलं पाणी, त्यात विस्तवावर भाजलेलं आलं आणि कांदा, चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची. खडा मसाला आपलाच, पण फोडणी नाही, वाटण नाही, तेलाचा तवंगही जेमतेम. तिखटजाळ रश्श्याच्या अपेक्षेने गेलात तर पहिला घोट बेचव वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मत बदलतं. माझं चौथ्या दिवशी बदललं.

दुकानात उभं राहून बघण्यासारखं असतं. तांदळाच्या चपट्या ओल्या पट्ट्या दांड्याच्या गाळण्यात घेऊन ती बाई उकळत्या पाण्यात चार-पाच सेकंद बुडवते, झटकते, वाडग्यात उलटी करते. वर मांसाचे काप, चिरलेली कांद्याची पात, आणि मग मोठा डाव भरून रस्सा, कडेने नाही, बरोबर मांसावर, म्हणजे ते वाफेने शिजतं. सगळं मिळून एका मिनिटाच्या आत. वाडगा आला की लगेच त्यात लिंबू-मिरची ओतू नका. आधी नुसता रस्सा चाखा. मग टेबलावरच्या बाटलीतलं लसूण घातलेलं व्हिनेगर चमचाभर. ही हनोईची पद्धत. मोड आलेली कडधान्यं, तुळशीसारखी पानं आणि गोड काळं सॉस घालणं हा दक्षिणेचा रिवाज, इथे ते मागितलंत तर भुवया उंचावतात. बाजूला तळलेल्या कणकेच्या काड्या येतात, त्यांना 'क्वे' म्हणतात. रश्श्यात बुडवून खायच्या, त्यांचे पैसे वेगळे.

बीफ खात असाल तर बात दान गल्लीतलं ४९ क्रमांकाचं दुकान गाजलेलं आहे. तिथे रांग लावायची, आधी पैसे द्यायचे आणि आपला वाडगा आपणच उचलून आणायचा. बीफ खात नसाल तर ज्या दुकानात फक्त फ गा मिळतो तिथेच जा. दोन्ही विकणाऱ्या ठिकाणी रस्सा एकाच पातेल्यातला असू शकतो. फ गा वर लिंबाच्या पानांचे केसासारखे बारीक काप टाकतात. त्या वासासाठी मी बीफचा वाडगा सोडेन.

दुसरी सकाळ 'बान कुअन'ची. तोंडाला घट्ट कापड ताणलेलं पातेलं, खाली उकळतं पाणी. कापडावर तांदळाच्या पिठाची डावभर धार, वरून झाकण, अर्ध्या मिनिटात बांबूच्या चपट्या पट्टीने ती पारदर्शक पापडी अलगद उचलायची. आपल्याकडे सालपापड्या किंवा फेण्या वाफवताना पाहिल्या असतील तर हात ओळखीचा वाटेल, फक्त इथे ती वाळत घालत नाहीत. आत पोर्कचा खिमा आणि काळी अळंबी भरून गुंडाळतात, वर तळलेला कांदा. थान्ह ची गावच्या पद्धतीच्या बान कुअनमध्ये सारण नसतं. तेही छान लागतं.

तिसरी 'सोय'ची. सोय म्हणजे चिकट तांदळाचा वाफवलेला भात. टोपलीत गोधडीत गुंडाळून आणतात, म्हणून शेवटच्या गिऱ्हाइकालाही गरम मिळतो. 'सोय सेओ' हा हळदीने पिवळा केलेला, वर शिजवून घट्ट गोळा केलेली मुगाची डाळ सुरीने पातळ सोलून टाकतात, त्यावर तळलेला कांदा. केळीच्या पानात बांधून हातात. दिसायला आपल्या घरातलंच काही वाटतं, पण वरून ओततात ती पातळ चरबी असते. नको असेल तर 'खोंग म'.

अकरा ते एक

जेवणाची वेळ साडेअकरा. एकनंतर उरलंसुरलं, दोननंतर फिरणारा पंजा.

बुन चा दुपारीच खायचा. बुन म्हणजे तांदळाच्या गोल ओल्या शेवया, कोकणातल्या शिरवाळ्यांच्या सख्ख्या बहिणी. चा म्हणजे (चहाचा नव्हे, याचा सूर वेगळा) कोळशावर भाजलेलं पोर्क: खिम्याच्या छोट्या वड्या आणि चरबीदार मांसाचे पातळ काप. ते कोमट, आंबटगोड पाण्यात बुडून येतं. या पाण्यात माशाचं सॉस, साखर, व्हिनेगर आणि कच्च्या पपईच्या चकत्या असतात. सोबत शेवयांची ताटली आणि पानांचा ढीग. नवखे लोक सगळं पाणी शेवयांवर ओततात आणि शेजारच्या टेबलावरच्या आजी कपाळाला हात लावतात. उलट करायचं: दोन घास होतील एवढ्याच शेवया उचलून वाडग्यात टाका, पानं हाताने तोडून घाला, मांसाबरोबर खा, मग पुढचा घास. मे २०१६ मध्ये बराक ओबामा आणि खाण्यावरचे कार्यक्रम करणारे शेफ अँथनी बोर्डेन यांनी ले वान हूउ रस्त्यावरच्या एका दुकानात बसून हेच खाल्लं. तेव्हापासून त्यांचं टेबल काचेच्या पेटीत ठेवलंय. बघायला जायचं तर जा. माझ्या मते जिथे धूर जास्त आणि इंग्रजी पाटी नाही तिथला बुन चा बरा.

पोर्क खात नसाल तर 'बुन का' शोधा. तळलेला मासा, टोमॅटो, शेपू, आंबटसर रस्सा. एवढं लक्षात घ्या की माशाच्या रश्श्यातही पुष्कळदा डुकराची हाडं उकळलेली असतात. व्रत असेल किंवा कटाक्ष असेल तर विचारून घ्या.

शेपूचं नाव निघालंच आहे तर 'चा का'. हे फुटपाथवरचं खाणं नव्हे, आत टेबलावर बसून खायचं आणि महागही, पण मासे खाणाऱ्या मराठी माणसाने चुकवू नये. हळद लावलेले माशाचे तुकडे समोर कढईत तळतात आणि त्यावर मूठमूठ शेपू आणि कांद्याची पात टाकतात. हो, तोच शेपू, ज्याच्या भाजीपायी लहानपणी आपण ताटावरून उठलो. गरम तेलात, हळदीच्या माशाबरोबर, तो अर्धवट कोमेजतो तेव्हा वासच बदलतो. सोबत शेवया, भाजलेले दाणे आणि 'माम तोम', म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची जांभळट चटणी. लिंबू पिळून चॉपस्टिकने ती फेस येईपर्यंत घोटायची. वास जबर आहे. सुकट-जवळ्यावर वाढलेल्यांना दहा मिनिटांत सवय होते, इतरांनी माशाचं साधं सॉस मागून घ्यावं. या पदार्थाच्या नावाची गल्लीच आहे, चा का गल्ली. तिथलं सगळ्यात जुनं नाव १८७१ सालापासूनचं सांगतात.

काहीच सुचत नसेल तर 'कोम बिन्ह झान', आपली भात-पोळी खानावळ, पोळी वजा. काचेमागे पंधरा-वीस पातेली, भाताच्या ताटलीवर बोट दाखवाल ते वाढतात. भाषा लागत नाही. या जेवणाला 'कोम बुई', धुळीतला भात, असंही लाडाने म्हणतात.

तीन ते सहा

ही मधल्या खाण्याची वेळ आणि माझ्या मते नवख्याला सगळ्यात सोपी, कारण बरंच काही तळलेलं आणि ओळखीचं. 'बान्ह गोई' समोर आली तर करंजी म्हणूनच उचलाल, मुरड घातलेली कड सुद्धा तशीच. आत मात्र खिमा, शेवया आणि अळंबी. 'बान्ह झान' हे तिळात घोळवून तळलेले गोळे, गोड्या प्रकारात आत मुगाचं पुरण. ते गरमच खा, गार झाले की चिवट होतात. 'चे' म्हणजे कडधान्यं, नारळाचं दूध, जेली आणि बर्फाचा चुरा घातलेली पातळ खीर, पेल्यात चमच्याने.

कॉफी याच वेळी. व्हिएतनाम रोबस्टा कॉफी पिकवण्यात जगात पहिला आहे आणि ती कडू, जाड, झोप उडवणारी असते. दुधाची हवी तर हनोईत 'नाऊ दा' म्हणा, म्हणजे तपकिरी आणि बर्फाची. दूध म्हणजे डब्यातलं आटवलेलं गोड दूध. अंड्याची कॉफी, 'का फे चुंग', १९४६ मधली. दुधाची टंचाई होती, मेट्रोपोल हॉटेलातल्या न्विएन वान जांग यांनी अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या कुटुंबाचं कॅफे न्विएन हूउ हुआन रस्त्यावर ३९ क्रमांकात आहे. बोळातून आत जावं लागतं. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात. वरचा फेस आधी चमच्याने खा, मग उरलेली ढवळून प्या. अंड्याचा वास येत नाही.

उकाड्यात चांग तिएन रस्त्यावरचं १९५८ पासूनचं आइस्क्रीमचं दुकान गाठा आणि 'कोम' हा हिरवा प्रकार मागा. या कोमबद्दल शेवटी सांगतो.

अंधार पडल्यावर

पाव. फ्रेंचांनी आणलेला, आता पूर्ण व्हिएतनामी झालेला, पोर्तुगीजांचा पाव जसा आपल्याकडे वड्याचा झाला. 'बान्ह मी' संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत मिळतो. आत लिव्हरचं 'पाते', म्हणजे वाटून केलेला मऊ लेप, लावलेलं असतं. नको असेल तर 'खोंग पाते'. अंड्याचा 'बान्ह मी चुंग' हा रात्री अकराचा सर्वांत भरवशाचा आधार.

'बिया होई' म्हणजे त्या दिवशीची ताजी, हलकी, स्वस्त बिअर. ता हिएन गल्लीत ती मिळते, पण तिथे आता गर्दी आणि गाणी जास्त. दोन गल्ल्या सोडून जिथे निवृत्त काका बनियनवर बसलेत तिथे बसा. सोबत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा.

कुत्र्याच्या मांसाची भीती अनेकजण मनात घेऊन येतात. ते विकणारी दुकानं वेगळी आणि तशी पाटी लावलेली असतात, कमी होत चाललीत. २०१८ साली शहर प्रशासनानेच ते न खाण्याचं आवाहन केलं होतं. तुमच्या वाडग्यात चुकून यायची वस्तू नाही ती.

शाकाहारी असाल तर

व्हिएतनाममध्ये उपाशी राहाल, असं जे सांगतात त्यांना एक शब्द ठाऊक नसतो: 'चय'. 'तोय आन चय', मी शाकाहारी. उच्चार लांबवून 'चाय' केलात तर काय समजतील सांगता येत नाही, म्हणून फोनमधला शब्द दाखवा. 'क्वान चय' म्हणजे शाकाहारी दुकान. बौद्ध परंपरेतलं हे खाणं कडक असतं: मांस-मासे नाहीत, माशाचं सॉस नाही, आणि पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांची सोय आपोआप होते. फक्त सोयाबीनचं बनवलेलं नकली मांस इतकं हुबेहूब असतं, की माझ्याबरोबर आलेली आई पहिल्या घासाला थांबलीच. खात्रीसाठी मला आत जाऊन पुन्हा विचारावं लागलं.

चांद्रमासाचा पहिला दिवस आणि पौर्णिमा या दोन दिवशी बरेच लोक चय खातात, आपल्या एकादशीसारखं. त्या दिवशी देवळांजवळ एरवी न दिसणारे चय पदार्थ दिसतात. पंचांग बघून सहल आखायची नाही, पण पौर्णिमा मुक्कामात येत असेल तर तो दिवस हनोईत ठेवा.

साध्या दुकानात मात्र 'भाजीचं' दिसलं म्हणून विश्वास टाकू नका. परतलेल्या पालेभाजीतही माशाचं सॉस असतं, तळण चरबीत असू शकतं. 'खोंग नुअक माम' म्हणा आणि त्याऐवजी 'सी झाउ', सोयाचं सॉस मागा. तळलेला टोफू, शेवया, हिरवी पानं आणि सी झाउ यावर दुपार निभावते. अंडं चालत असेल तर काहीच अडचण नाही. पहिल्या दिवशीच मुक्कामाजवळचं एक क्वान चय पाहून ठेवा आणि बाकीचं त्याच्या आधाराने करा.

पोट सांभाळताना

नळाचं पाणी पिऊ नका. बर्फाचं भय थोडं कमी करा: मधे भोक असलेले नळकांड्यासारखे खडे कारखान्यातून येतात, ते मी सगळीकडे घेतले. लादी फोडून केलेला चुरा टाळला. कच्च्या पानांचं पहिल्या दोन दिवसांत जपून. दुकान कसं निवडायचं? गर्दी तर बघाच, पण जास्त म्हणजे वाडगे कसे धुतात ते बघा. शेगडीवर पातेलं उकळत असेल, गिऱ्हाइकं स्थानिक असतील आणि बाई पैशाच्या हाताने शेवया उचलत नसेल, तर बसा. फरशीवर टिश्यू पडलेले दिसले म्हणून नाक मुरडू नका. टेबलाखाली टाकून नंतर एकदाच झाडायची पद्धत आहे.

टेबलावरच्या चॉपस्टिक कागदाने पुसून घ्या, सगळे पुसतात. भातात उभ्या खोचून ठेवू नका, ते मृताच्या नैवेद्यासमोरच्या उदबत्तीसारखं दिसतं. पाकिटातला ओला रुमाल फोडलात तर त्याचे दोन-तीन हजार बिलात येतील. अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायला विचारावं लागत नाही, मान हलवली की पुरे. टेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, दिवसांत जाऊ नका. दुकानं बंद असतात आणि शहर गावी गेलेलं असतं.

निघताना

कॉफी आणि ती गाळायची पत्र्याची 'फिन' बिनधास्त आणा. माशाच्या सॉसची बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, आणि सामानात फुटली तर कपडे कायमचे गेले म्हणून समजा.

कोम मात्र आणता येत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये गेलात तर कावडवाल्या बायकांकडे तो असतो: कोवळ्या चिकट भाताचे दाणे भाजून, कांडून केलेले मऊ हिरवे पोहे, हनोईच्याच वोंग गावचे नावाजलेले. हुरड्यासारखंच, शेतात दाणा भरत असतानाचे थोडे आठवडे. कमळाच्या पानात गुंडाळून भाताच्या काडीने बांधून देतात. मी दोन पुड्या मुंबईसाठी घेतल्या तेव्हा त्या बाईंनी माझ्या विमानाची वेळ विचारली आणि एक पुडी परत टोपलीत ठेवली. उरलेली तिथेच, पिकलेल्या केळ्याबरोबर, उभ्याउभ्या खायला लावली.